व्हाळासाठी अल्ट्रालाइट रॉड: ५ फूट, ६ की ७?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला गोव्यात, डिचोलीत, फिरणं स्कूटरवर. सुटीच्या दिवशी कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, आणि अधूनमधून खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) बांधावर छोटे मासे गरवायचे, म्हणजे गळाने धरायचे आहेत. आजवर समुद्रकाठी जाड ८ फुटी रॉड वापरला, अल्ट्रालाइट (अगदी हलकी आमिषं फेकणारा बारीक रॉड) पहिल्यांदाच घ्यायचाय. दुकानदार म्हणतो ७ फूट घ्या, फेक लांब जाते. व्हिडिओवाले म्हणतात ५ फूट भरपूर झाला. नऊ वर्षांची मुलगीही सोबत येणार आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो: ६ फूट, म्हणजे १८३ सेंटिमीटर. दोन तुकड्यांचा, आखूड मुठीचा, १ ते ५ ग्रॅम ल्युअर (नकली आमिष) फेकणारा. मुलीसाठी वेगळा, त्याबद्दल पुढे. पण हा आकडा कुठून आला ते समजून घ्या, कारण तुमचा व्हाळ माझ्या व्हाळासारखा नसेल तर आकडाही बदलेल.

माशाच्या आकारावरून रॉडची लांबी ठरते, हा गैरसमज पहिल्यांदा काढून टाका. बोटभर डेव्हारिओ असो की वीतभर डॉकिन्सिया (शेपटीजवळ काळा ठिपका असलेला रुपेरी मासा, आमच्याकडे याची नावं गावागणिक बदलतात, म्हणून शास्त्रीय नाव लिहितो), त्याला रॉड किती फुटी आहे याचं काही देणंघेणं नाही. माशाच्या आकारावरून ठरतात ते दोरा, गळ आणि ल्युअरचं वजन. लांबी ठरते तुम्ही कुठे उभे आहात, डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे यावरून.

आमचं घर अंत्रूज महालात, म्हणजे फोंड्याकडे. मागे कुळागर, कुळागरातून व्हाळ. पोफळी साधारण ९ फुटांच्या अंतराने लावलेल्या असतात. दोन खोडांच्या बरोबर मध्ये उभे राहिलात तर उजवीकडे साडेचार फूट, डावीकडे साडेचार फूट. त्यात एखाद्या खोडावर मिरीचा वेल चढलेला, मध्येच केळीचं खुंट, आणि पाण्यावर वाकलेल्या माडाच्या झावळ्या. अशा ठिकाणी ७ फुटी रॉड आडवा फिरवून बघा, टोक वेलात अडकलंच म्हणून समजा. डोक्यावरून फेकायचं म्हटलं तरी हात छातीशी, साधारण सव्वा मीटरवर. त्याच्यावर २ मीटर रॉड. म्हणजे सव्वातीन मीटरपर्यंत वाट मोकळी हवी. ५ फुटी रॉडला तेच पावणेतीन मीटरमध्ये भागतं. हा अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण केळीच्या पानाची खालची कड नेमकी याच अर्ध्या मीटरमध्ये लोंबत असते.

व्हाळात उतरून गरवत असाल तर गणित आणखी वेगळं. तिथे झाडीचा बोगदा असतो, फेक प्रवाहाच्या दिशेनेच जाते आणि बऱ्याचदा वाकून, मनगट कमरेखाली ठेवून बाजूने फेकावं लागतं. त्या वेळी लांब रॉडचं टोक पाण्याला लागतं. ५ फुटीचं लागत नाही. गोट्यांवरून चालताना तोल सावरायला एक हात मोकळा हवा असतो, तेव्हाही आखूड रॉडच बरा. ओल्या जांभ्यावर शेवाळ किती निसरडं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

मग सरळ ५ फूटच का नको? पहिली पाच-सहा वर्षं मीही हेच म्हणत होतो. माझं मत बदललं एका अशा कोंडीपाशी (डोहापाशी), जिथे फेकायला जागाच नव्हती. करंजाची फांदी पाण्यावर आडवी आलेली, तिच्या पलीकडे दोन हातांवर खोल पाणी आणि त्यात वर येऊन किडे टिपणारे मासे. ५ फुटीने बाण मारल्यासारखी फेक करून पाहिली: ल्युअर चिमटीत धरायचा, दोरा ताणून टोक वाकवायचं आणि सोडून द्यायचं. दोनदा फांदीत गेला. माझ्याबरोबरच्या मित्राने आपला ७ फुटी रॉड फांदीखालच्या फटीतून नुसता पुढे सरकवला, टोक मोकळ्या पाण्यावर नेलं आणि दोन फूट दोरा सोडला. फेक नाहीच. पहिल्याच टिचकीला मासा लागला. म्हणजे गच्च झाडीत फेकायला आखूड रॉड बरा, पण फेक सोडून नुसतं पोचायचं असेल तर लांब रॉड बरा. दोन्ही गोष्टी एकाच व्हाळावर शंभर पावलांच्या आत लागतात. ६ फूट ही तडजोड आहे, आणि मला ती चांगली वाटते.

आता लांब फेकीबद्दल. दुकानदार खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. मनगट तेवढ्याच कोनात फिरलं तर लांब रॉडचं टोक जास्त अंतर कापतं, त्यामुळे जास्त वेगाने जातं, हे खरं. पण फेक नुसत्या वेगावर होत नाही. ल्युअरच्या वजनाने टोक मागे वाकलं पाहिजे, मग ते सुटताना ल्युअरला ढकलतं. २ ग्रॅमच्या स्पिनरने (फिरत्या पात्याच्या ल्युअरने) जे टोक वाकतच नाही, ते ७ फुटांवर असलं काय आणि ५ फुटांवर असलं काय. शिवाय एवढ्या हलक्या ल्युअरला दोऱ्याचा जाडेपणाच मागे खेचतो. मी एकदा खळ्यावर सकाळभर हाच उद्योग केला. सारखाच २ ग्रॅमचा स्पिनर, सारखाच दोरा. ५ आणि ७ फुटी रॉडमध्ये चार-पाच पावलांचाच फरक पडला. मग ५ फुटीवरचा ०.२० मिलिमीटरचा नायलॉन काढून ०.१० च्या आसपासचा विणलेला दोरा भरला, आणि आखूड रॉडने लांब रॉडला मागे टाकलं. स्पूल काठापासून दीड-दोन मिलिमीटर उरेपर्यंत भरा, त्याचाही फायदा होतो. आणि व्हाळात लांब फेक हवीय कुणाला? पाणीच मुळी पंधरा पावलं रुंद नसतं.

टोकाची गोष्ट मला महागात पडून कळली. माझा आवडता साडेसहा फुटी रॉड मी स्वतःच गाडीच्या डिकीत चेंगरला. टोकाचे चार इंच गेले. वाटलं, चार इंचांनी काय बिघडतंय, सव्वासहाच्या जवळपास उरलाय. गरम गोंदाने नवी रिंग बसवली आणि व्हाळावर गेलो. २ ग्रॅमचा स्पिनर पायाजवळ पडायला लागला. ४ ग्रॅमचा जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) मात्र ठीक जात होता. गेले होते ते चार इंच लांबीतले नव्हते, रॉडमधला सगळ्यात मऊ भाग गेला होता. तेव्हापासून कुणी मला लांबी विचारली की मी आधी विचारतो, किती ग्रॅम फेकणार?

म्हणून दुकानात जाताना खिशात तुमचा सगळ्यात हलका ल्युअर घेऊन जा. रॉडवर मुठीच्या वर ल्युअरचं वजन छापलेलं असतं, ते वाचा. 'अल्ट्रालाइट' हा शब्द वाचून फसू नका. प्रत्येक कंपनीचा अल्ट्रालाइट वेगळा. काहींचा ०.५ ते ३ ग्रॅम, काहींचा २ ते ७. औंसात लिहिलं असेल तर १/३२ म्हणजे सुमारे ०.९ ग्रॅम, १/१६ म्हणजे पावणेदोन, १/८ म्हणजे साडेतीन. व्हाळाला पहिल्या दोन आकड्यांच्या आसपासचं हवं. मग दोरा ओवून ल्युअर टोकाला वीतभर लोंबता ठेवा आणि मनगट हळूच हलवा. टोक त्या वजनाला मान देतं का बघा. देत नसेल तर लांबी काहीही असली तरी रॉड खाली ठेवा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. छापलेली लांबी मुठीसकट असते. दोन ६ फुटी रॉड शेजारी धरा: एकाची मूठ रीलच्या मागे १५ सेंटिमीटर, दुसऱ्याची ३० सेंटिमीटर. प्रत्यक्षात दुसरा अर्धा फूट आखूड आहे, आणि वर त्याची मूठ दर वेळी कोपरात किंवा सदऱ्यात अडकणार. रीलच्या बैठकीपासून टोकापर्यंत टेप लावून मोजा. मूठ कोपराच्या पुढे जाता कामा नये, व्हाळासाठी तर जितकी आखूड तितकी चांगली.

मासा लागल्यावर मात्र लांबीचा फायदा दिसतो. पातळ दोऱ्यावर वीतभर मासाही एकदम झटका देतो. तो झटका रॉडचं वाकणं खाऊन टाकतं. लांब रॉडमध्ये वाकायला जागा जास्त. पण तोच लांब दांडा तरफेसारखा तुमच्या मनगटावर उलटा चालतो. हे हाताला कळावं म्हणून घरच्या घरी करा: अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली जमिनीवर ठेवा, दोरा तिच्या गळ्याला बांधा, दोन-तीन पावलं मागे सरका आणि रॉड ४५ अंशांवर धरून हळूहळू उचला. त्यापेक्षा उभा धरू नका, टोक तुटेल. ४ पाउंडाचा दोरा म्हणजे सुमारे १ किलो ८०० ग्रॅमच्या ताणाला तुटणारा. ड्रॅग (ज्या ताणाला रील दोरा सोडते तो) त्याच्या पाव ते तृतीयांश ठेवायचा, म्हणजे ४५० ते ६०० ग्रॅम. बाटली उचलली जाईल-न जाईल अशा बेताला रील करकरत दोरा सोडायला लागलं, की ड्रॅग बरोबर लागला. मित्राचा ७ फुटी मिळाला तर त्यावरही करून बघा. बाटली तीच, पण मनगटाला जास्त जड लागते.

खाजनाचा बांध ही वेगळीच गोष्ट. तिथे डोक्यावर आभाळ आणि पायाखाली खारफुटी. ओहोटीला पाणी तुमच्यापासून चांगलं दीड मीटर खाली आणि मध्ये चिखलातून वर आलेल्या मुळांचा पट्टा. ५ फुटीने मासा त्या मुळांवरून उचलून आणताच येत नाही, दोरा मुळांना घासतो आणि तुटतो. इथे दुकानदाराचा ७ फुटी जिंकतो, शंभर टक्के. ६ फुटीने जमतं, पण दोन पावलं पुढे चिखलात जावं लागतं. मानशीजवळ (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ) गरवण्याआधी विचारून घ्या; तिथे मासे धरण्याचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, दिलेला असतो आणि ज्याने पैसे मोजलेत त्याला तुमचा हौशी स्पिनर आवडेलच असं नाही. शिवाय निमखाऱ्या पाण्यात कधी चणकाचं पिल्लू लागतं, कधी तांबसो. ४ पाउंडाच्या दोऱ्यावर तांबसो मुळांत शिरला की तो गेला, वर तोंडात गळ घेऊन गेला. बांधावर जायचं तर निदान ६ ते ८ पाउंडाचा दोरा भरलेलं दुसरं स्पूल ठेवा, आणि घरी आल्यावर रॉड-रील गोड्या पाण्याने धुवा. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला गेलात तर तिथे मगरी आहेत हे ध्यानात असू द्या. पाण्यात पाय सोडून बसायची जागा नव्हे ती.

काळुंदर मासा म्हणाल, तर त्यासाठी हा सगळा खटाटोपच चुकीचा आहे. लहान तोंडाचा, बराचसा शेवाळ खाणारा मासा. तो स्पिनरमागे धावत नाही. कणकेची गोळी किंवा सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा, छोटा गळ, वर बारीक फ्लोट. आणि फ्लोट सांभाळायला लांबी लागते, रील लागत नाही. आजोबा चिवारीच्या (बारीक बांबूच्या) काठीने जे करायचे तेच. आज साडेतीन-चार मीटरची दुमडती काठी स्वस्तात मिळते, टोकाला तेवढाच दोरा बांधायचा. फेकायची गरज नाही, दोरा पाण्यावर पडून वाहत नाही, टिचकी सरळ हाताला कळते. गंमत म्हणजे व्हाळातल्या रुपेरी माशांनाही गांडुळाचा इवलासा तुकडा लावून हीच काठी अल्ट्रालाइटपेक्षा जास्त मासे देते. हे रॉडवेडे लोक कबूल करत नाहीत, मीही चारचौघांत करत नाही.

व्हिडिओंतल्या सल्ल्याबद्दल एवढंच, की तो चुकीचा नाही, परक्या पाण्याचा आहे. अमेरिकेतले लोक ब्लूगिल आणि क्रॅपी गरवतात ते बहुधा मोकळ्या काठाच्या तळ्यांवर किंवा होडीतून. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांतल्या ट्राउटसाठी साडेचार-पाच फुटी रॉड चालतात आणि मासे सोडलेल्या तळ्यांवर सहा-साडेसहा फुटी. आपल्या कुळागराचा व्हाळ जपानी ओढ्याच्या जवळचा आणि खाजनाचा बांध त्या दोन्हींपेक्षा वेगळा. सल्ला ऐकताना बोलणाऱ्याच्या मागे काय दिसतंय ते बघा. कापलेलं गवत दिसलं तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.

मुलीसाठी साडेचार ते ५ फुटी, तोही फायबरग्लासचा. कार्बनपेक्षा जड असतो आणि ढिला वाकतो, पण आपटला, दारात अडकला, त्यावर कुणी बसलं तरी सहज मोडत नाही. ढिला असल्यामुळे मुलांच्या हातून फेकही सोपी जाते. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून टाका. मुलांच्या गळाला पहिला मासा बऱ्याचदा त्यांचा स्वतःचा कान असतो. तुम्ही स्वतःच्याही गळांचे काटे चेपा. एवढे छोटे मासे सोडूनच द्यायचे असतात, आणि काटा नसला की ओल्या हाताने दोन सेकंदांत सुटतात.

स्कूटरचा मुद्दा राहिला. दोन तुकड्यांचा ६ फुटी रॉड सुटा केला की ९४-९५ सेंटिमीटरचा होतो. पाइपाच्या तुकड्यात घालून पाठीवर तिरका बांधला की चालतो. ७ फुटी सुटा करून १०९-११० होतो आणि पाठीवर डोक्याच्या वर जातो. डिचोलीच्या बाजारातून तसं जाऊन बघा, लोक काय काय विचारतात. चार-पाच तुकड्यांचे प्रवासी रॉड हल्ली चांगले निघतात, सीटखाली मावणारेही असतात. फक्त प्रत्येक सांधा दर अर्ध्या तासाने चाचपत जा, सैल झालेल्या सांध्यावर फेक मारली की तिथेच चिरतो.

कार्बन वीज वाहून नेतो. शेतातून, कुळागरातून विजेच्या तारा किती खाली आलेल्या असतात ते आपण रोज पाहतो. मे अखेर आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून घरी. इथेही लांब रॉडचा धोका थोडा जास्तच.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळा सरून पाणी निवळलं, की ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत हा रॉड खरा शोभतो. एप्रिल-मेमध्ये कोंडी आटतात, मासे अडकून पडलेले असतात. तेव्हा गरवणं मला बरं वाटत नाही. पहिल्या पावसात अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, चडणीचे मासे म्हणून लोक त्यांच्यामागे लागतात. त्यांच्यासाठी कुठलाच रॉड सुचवणार नाही. तळ्यात मरळीच्या पिल्लांचा तांबूस घोळका पाण्यावर फिरताना दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. तिथेही फेकू नका. तसाही अल्ट्रालाइट हा मरळीचा रॉड नव्हे.

आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले ही अभयारण्यं आहेत. तिथले व्हाळ कितीही सुंदर असले तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिथे गरवता येत नाही. कुळागरातला व्हाळ असेल तर मालकाला विचारा. सुपारीची पाडणी चालू असेल तर त्या दिवशी जाऊच नका. एक तर वरून शिंपुटं (सुपारीचे घड) कोसळतात, दुसरं म्हणजे कुणीतरी तुम्हाला सुपाऱ्या वेचायला बसवतं.

रॉड घरी आणलात की टोकापासून मुठीपर्यंत प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा. एखाद्या रिंगच्या आतल्या कड्याला बारीक तडा असेल तर कापसाचे धागे तिथे अडकतात. तसं झालं तर त्याच दिवशी पावती घेऊन परत जा. बारीक दोरा त्या तड्यावर एका सकाळीत कापला जातो, आणि दुकानदार महिन्याने तुमचं ऐकणार नाही.